टेनोफोव्हिर थांबवल्यानंतर : एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी आणि सी असलेल्या एका रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण खान्देशातील एका रुग्णाचे आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि घरातील काही तपशील बदलले किंवा गाळले आहेत; तपासण्या आणि निर्णय मात्र ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने मांडले आहेत. यातील एक निर्णय चुकला होता आणि त्यावर डॉक्टर म्हणून सही माझी होती. एचआयव्हीच्या रुग्णाचे यकृत केवळ एचआयव्हीमुळे बिघडत नाही, हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणूही ते बिघडवतात; तसेच ते केवळ एचआयव्हीच्या उपचाराने सांभाळलेही जात नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. एका माणसाच्या पोटात पाणी भरलेले पाहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

पार्श्वभूमी

रुग्णाचे वय २०२२ साली ४७ वर्षे होते. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत त्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षे काम केले होते. पहाटे बागेत जायचे, कापलेले घड खांद्यावरून बांधावर आणायचे आणि दुपारपर्यंत गाडी भरून मोकळे व्हायचे, असा त्यांचा दिवस असे. १९९७ मध्ये महामार्गावर त्यांचा अपघात झाला, मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताच्या तीन बाटल्या द्याव्या लागल्या. हे साल महत्त्वाचे आहे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, आणि दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी २००१ पासून बंधनकारक झाली. म्हणजे १९९७ मध्ये ज्यांना रक्त मिळाले, त्यांना या विषाणूपासून कोणतेच संरक्षण नव्हते. त्यांना हिपॅटायटिस सी याच रक्तातून झाला असे मी ठामपणे म्हणणार नाही. गावोगावी एकाच सुईने इंजेक्शने देण्याचे दिवसही तेच होते. तरीही शक्यता सर्वांत जास्त याच घटनेची दिसते.

एचआयव्हीचे निदान २०१० मध्ये झाले. त्या वेळी सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी) १६४ होत्या आणि झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन व नेव्हिरॅपिन ही त्या काळची नेहमीची औषधे सुरू करण्यात आली. २०१४ मध्ये हिमोग्लोबिन उतरत उतरत ७.१ वर आले, तेव्हा झिडोव्ह्युडिन बंद करून टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाविरेन्झ ही एकत्रित गोळी दिली गेली. २०२१ मध्ये एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले. पत्नीही एचआयव्हीबाधित असून उपचारावर आहेत. दोघांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, अनेक वर्षे मोजता न येण्याइतका कमी होता. गोळ्यांच्या डबीत पत्नी कापसाचा बोळा ठेवत, कारण हातात घेतल्यावर डबी वाजली तर शेजारणी विचारतील अशी त्यांना भीती होती. औषध घेण्याच्या बाबतीत हे कुटुंब आमच्याकडील सर्वांत नेमस्त कुटुंबांपैकी एक होते, आणि पुढे आम्ही जे गाफील राहिलो त्याचे एक कारण त्यांचा हा नेमस्तपणाच होता.

हिपॅटायटिस बी च्या बाबतीत २०१४ चा बदल हा निव्वळ योगायोगाने झालेला उपकार होता, हे आता मागे वळून पाहताना लक्षात येते. लॅमिव्ह्युडिन आणि टेनोफोव्हिर ही दोन्ही औषधे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्ही विषाणूंवर चालतात. मात्र हिपॅटायटिस बी वर लॅमिव्ह्युडिन एकटेच देत राहिले तर विषाणू त्याला सरावतो, आणि एचआयव्हीबाधितांमध्ये हे चार वर्षांत बहुतेकांच्या बाबतीत घडते. आमच्या रुग्णाने २०१० ते २०१४ अशी चार वर्षे नेमके हेच केले होते. त्यानंतर टेनोफोव्हिर मिळाले आणि हिपॅटायटिस बी शांत झाला. तो शरीरात आहे याची नोंद मात्र उपचार कार्डावर कुठेच नव्हती.

मे २०२२ : क्रिएटिनिनचा एक आकडा

नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.७ आले. वजन ५४ किलो होते. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडाची क्षमता काढली असता ती मिनिटाला सुमारे ४१ मिलिलिटर निघाली. ही क्षमता ५० च्या खाली गेली की टेनोफोव्हिरच्या त्यांना चालू असलेल्या जुन्या प्रकाराबाबत सावध व्हावे, हा साधा नियम आहे. मी नियमानुसार टेनोफोव्हिर थांबवले आणि अबॅकॅव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राव्हिर सुरू केले. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात मोठी गर्दी होती आणि या निर्णयाला पाच मिनिटेही लागली नसतील.

त्या पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारायचे राहिले. पहिला प्रश्न मे महिन्याचा होता. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि हा माणूस त्या उन्हात बागेतून घड वाहत होता. दुसरा प्रश्न कंबरदुखीचा होता. पत्नीने नंतर सांगितले की त्या महिन्यात ते दर दोन-तीन दिवसांनी गावातल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन घेत होते. शरीरातले पाणी कमी झालेले असताना वेदनाशामक औषध मूत्रपिंडाला किती जाचते, हे कोणत्याही डॉक्टरला सांगावे लागत नाही. शिवाय डोल्युटेग्राव्हिरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर जातो, आणि हे औषध त्यांना आदल्याच वर्षी सुरू झाले होते. तिसरा प्रश्न सर्वांत मोठा होता : या माणसाला हिपॅटायटिस बी आहे का? टेनोफोव्हिर काढले तर त्यांच्या शरीरात त्या विषाणूसमोर उभे राहणारे दुसरे कोणतेही औषध उरत नव्हते, कारण लॅमिव्ह्युडिनला विषाणू सरावलेला असण्याची दाट शक्यता होती.

जुलै महिन्यात ते औषधे न्यायला आले तेव्हा क्रिएटिनिन १.२ होते. पाऊस सुरू झाला होता, कंबर बरी होती, इंजेक्शने थांबली होती. निर्णय मागे घेण्याची ही दुसरी संधी होती. कार्डावर त्या दिवशी ‘मूत्रपिंड सुधारले, तेच औषध चालू ठेवावे’ एवढीच ओळ आहे. टेनोफोव्हिर काढल्यामुळे क्रिएटिनिन सुधारले असा अर्थ आम्ही लावला, आणि तसा लावणे सोयीचे होते.

सप्टेंबर २०२२ : कावीळ

गणपती विसर्जनाच्या सुमारास त्यांना थकवा आला, अन्नावरची वासना उडाली आणि लघवी गडद पिवळी झाली. घरच्यांनी आधी काविळीचे औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेले. त्याने हातांना झाडाच्या सालीचा रस चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, आणि पाणी पिवळे झाल्यावर कावीळ उतरली असे सांगितले. आंब्याच्या सालीचा रस लावून कोणीही निरोगी माणसाने चुन्याच्या पाण्यात हात धुतले तरी पाणी पिवळेच होते. पण त्या पितळी घमेल्यातले पिवळे पाणी पत्नीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्या पाहण्यापुढे कोणाचेही सांगणे फिके पडते. बारा दिवस तिकडे गेले. मधल्या काळात एका खासगी दवाखान्यात सलाइनही लावले गेले. तिथे त्यांनी एचआयव्हीबद्दल आणि चालू औषधांबद्दल काहीच सांगितले नाही. ‘पावसाळ्यातील पाण्याची कावीळ’ असे समजून उपचार झाले, आणि समोर जी माहिती होती तिच्यावरून तो समज वावगाही नव्हता.

ते आमच्याकडे आले तेव्हा पायांवर सूज होती आणि पोट फुगलेले होते. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते खान्देशी बोलीत : ‘साहेब, मी येक बी गोयी चुकवली नही.’ आपल्याला दोष दिला जाईल असे त्यांना वाटत होते.

तपासण्यांत काविळीचे बिलिरुबिन ९.६, यकृताला इजा झाल्यावर वाढणारे एसजीपीटी ६४० व एसजीओटी ५८०, अल्ब्युमिन २.८, रक्त गोठण्याचा आयएनआर १.९ आणि प्लेटलेट ७८ हजार होत्या. सोनोग्राफीत यकृताचा पोत खडबडीत, प्लीहा १५ सेंटिमीटर आणि पोटात थोडे पाणी दिसले. सीडी-४ ४१२ होत्या आणि एचआयव्हीचा व्हायरल लोड नेहमीप्रमाणे मोजता न येण्याइतका कमी होता. ज्या आजारासाठी ते बारा वर्षे आमच्याकडे येत होते, तो पूर्ण आटोक्यात होता.

हिपॅटायटिस ए आणि ई च्या चाचण्या नकारात्मक आल्या. हिपॅटायटिस बी चा पृष्ठभाग प्रतिजन (विषाणूच्या आवरणावरील प्रथिन) सकारात्मक आला आणि रक्तातील त्या विषाणूचे प्रमाण मिलिलिटरमागे ३ कोटी ८० लाख एकक होते. हिपॅटायटिस सी ची प्रतिपिंडे सकारात्मक होती, मात्र सी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडला नाही. हिपॅटायटिस डी हा विषाणू केवळ बी च्या सोबतीनेच जगू शकतो, म्हणून त्याचीही चाचणी केली. ती नकारात्मक आली. यकृताच्या बिघाडाची तीव्रता सांगणारे चाइल्ड-प्यू गुणांकन १० म्हणजे ‘सी’ या सर्वांत गंभीर वर्गातील निघाले, अर्थात यकृताची कामे सांभाळण्याची शक्ती संपत आली होती.

त्याच संध्याकाळी पत्नीने खताच्या पिशवीत जपून ठेवलेले सगळे जुने कागद आणून दिले. १९९७ चे डिस्चार्ज कार्ड चार घड्यांवर फाटले होते. २०१४ च्या रक्ततपासणीच्या कागदांना मागे गंजलेल्या पिनेने एक छोटी छापील पट्टी जोडलेली होती : हिपॅटायटिस बी, सकारात्मक. झिडोव्ह्युडिन बंद करताना कोणीतरी ही चाचणी करून घेतली होती. ती चाचणी झाली, कागद आला, पिन लागली, आणि तिथून पुढच्या आठ वर्षांत ती ओळ कार्डाच्या पहिल्या पानावर कोणी उतरवली नाही.

यकृत आधीच किती बिघडले होते

ही कावीळ काही दिवसांची असली तरी सिरॉसिस, म्हणजे यकृत आकसून घट्ट होणे, काही दिवसांचा नव्हता. २०१९ मध्ये थकव्याच्या तक्रारीसाठी त्यांनी एका खासगी प्रयोगशाळेत रक्त दिले होते, तो कागदही पिशवीत होता. वय ४४, एसजीओटी ६८, एसजीपीटी ५४, प्लेटलेट १ लाख २ हजार. यकृताच्या घट्टपणाचा अंदाज देणारे फिब-४ हे गणित अगदी सोपे आहे : वयाला एसजीओटीने गुणायचे, प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. या आकड्यांवरून ३.९९ हे उत्तर येते. ३.२५ च्या वर उत्तर आले की यकृतात गाठाळलेपणा बराच पुढे गेला असावा असे मानतात. म्हणजे यकृताचा मोठा भाग २०१९ मध्येच आकसला असावा, आणि ते कळण्यासाठी कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नव्हती. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरेसा होता.

असे का झाले असावे, याचे उत्तर तीन विषाणू एका शरीरात असण्यात आहे. एचआयव्ही असताना हिपॅटायटिस सी मुळे होणारे यकृताचे तंतूकरण (घट्ट होत जाणे) एकट्या सी पेक्षा वेगाने वाढते, आणि बी सोबत असेल तर नुकसान आणखी वाढते. एचआयव्हीवर उपचार सुरू झाल्याने हा वेग कमी होतो, पण तो थांबत नाही. बी २०१४ नंतर दबला होता. सी वर मात्र एकही दिवस औषध नव्हते, इतकेच नाही, तर त्याच्याकडे एकही दिवस कोणाचे लक्षच गेले नव्हते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू झाला आणि सी ची औषधे मोफत मिळू लागली. त्यानंतरच्या चार वर्षांत प्रतिपिंडांची एक साधी चाचणी करून घ्यायला आम्हाला कोणी अडवले नव्हते.

पर्यायांचा विचार : बी विषाणूसाठी काय द्यावे

हा निर्णय त्याच रात्री घ्यायचा होता. टेनोफोव्हिर परत देणे हे उघड होते, पण कोणत्या रूपात, यावर आम्ही अडलो. जुना प्रकार, म्हणजे डायसोप्रॉक्सिल, विषाणूवर खात्रीचा होता. मात्र त्या दिवशी क्रिएटिनिन १.३ होते आणि पोटात पाणी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णात मूत्रपिंड केव्हा कोलमडेल हे सांगता येत नाही; अशा वेळी क्रिएटिनिनचा आकडा खऱ्या परिस्थितीपेक्षा चांगला दिसतो, कारण शरीरातील स्नायूच कमी झालेले असतात. एन्टेकॅव्हिर मूत्रपिंडाला सोसणारे आहे, पण ज्या विषाणूला लॅमिव्ह्युडिनची सवय झाली आहे त्याच्यावर ते कमी चालते. लॅमिव्ह्युडिनवरची चार वर्षे इथे आडवी आली. तिसरा पर्याय टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हा होता. तो मूत्रपिंडाला कमी जाचतो आणि लॅमिव्ह्युडिनला सरावलेल्या विषाणूवरही चालतो. यकृत इतके ढासळलेल्या रुग्णांत त्याच्या वापराचा अनुभव मर्यादित आहे, ही त्याची अडचण होती.

याशिवाय अबॅकॅव्हिर तातडीने थांबवणे भाग होते, कारण यकृताचा मध्यम किंवा तीव्र बिघाड असेल तर ते देऊच नये. मे महिन्यात मूत्रपिंडासाठी सुरक्षित म्हणून निवडलेले औषध सप्टेंबरमध्ये यकृतासाठी निषिद्ध ठरले.

आम्ही मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि टेनोफोव्हिर अलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असे तिन्ही एकत्र देण्याचे ठरवले. यात बी साठी एक खात्रीचे औषध होते आणि एचआयव्हीसाठी तीन. यकृतप्रत्यारोपणाचा विषयही निघाला. एचआयव्ही असणे हा आता त्यातला अडसर मानला जात नाही, पण खर्च आणि मुंबईला राहण्याची व्यवस्था या दोन गोष्टींवर कुटुंबाने थेट नकार दिला. ‘जे करायचं ते इथंच करा’ असे पत्नी म्हणाल्या, आणि त्या निर्णयाचा आम्ही आदर ठेवला.

पुढचे दहा दिवस कठीण गेले. आयएनआर २.२ पर्यंत चढला, एका रात्री त्यांना दिवस कोणता हे सांगता येईना. तेराव्या दिवशी बिलिरुबिन पहिल्यांदा खाली आले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या आढळल्या, त्यांवर बँड लावण्यात आले.

दुसरा निर्णयबिंदू : सी खरेच गेला होता का

सप्टेंबरमध्ये सी चा आरएनए सापडला नव्हता. प्रतिपिंडे आहेत आणि विषाणू नाही, म्हणजे शरीराने तो कधीतरी स्वतःहून घालवला, असा सरळ अर्थ निघतो. काही लोकांत तसे घडतेही. कामाच्या रेट्यात ही फाइल बंद करणे सोपे होते. पण दोन विषाणू एका यकृतात असले की ते एकमेकांना दाबतात. एक उसळला की दुसरा दिसेनासा होतो. बी कोटींच्या घरात असताना सी न दिसणे हे तो नसल्याचे प्रमाण नव्हते. तज्ज्ञांनी ही शंका बोलून दाखवली आणि बी दबल्यानंतर चाचणी पुन्हा करण्यास सांगितले.

जानेवारी २०२३ मध्ये बी चे प्रमाण २,४०० पर्यंत उतरले होते, आणि सी चे प्रमाण ६ लाख ४० हजार निघाले. ही दुसरी चाचणी केली नसती तर सी विषाणू पुढेही नजरेआड राहिला असता.

उलट क्रमातही धोका असतो. बी वर औषध नसताना सी चे उपचार दिले तर सी चा दाब जातो आणि बी उसळतो. काही रुग्ण त्यात दगावल्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्ये सी च्या सर्व नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. म्हणून आधी बी, आणि तो औषधाखाली स्थिरावल्यावर सी, हा क्रम आमच्यासाठी पर्यायाचा विषयच नव्हता.

सी चे उपचार

जानेवारीत बिलिरुबिन २.१, अल्ब्युमिन ३.१, आयएनआर १.४ होता, आणि लघवीच्या गोळ्यांवर पोटात किंचित पाणी होते. गुणांकन ८ म्हणजे ‘बी’ वर्ग. सोफोसबुव्हिर आणि वेलपाटास्व्हिर ही गोळी रिबाव्हिरिनसोबत १२ आठवडे द्यावी, की रिबाव्हिरिनशिवाय २४ आठवडे, असे दोन मार्ग होते. रिबाव्हिरिन रक्तातील तांबड्या पेशी मोडते. २०१४ मध्ये झिडोव्ह्युडिनने याच माणसाचे हिमोग्लोबिन ७.१ वर आणले होते, आणि या वेळी ते ९.८ होते. आम्ही २४ आठवड्यांचा मार्ग घेतला. केवळ पूर्वीच्या जुन्या कागदामुळे घेतलेला हा निर्णय होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो.

वेलपाटास्व्हिर देताना एक छोटी गोष्ट आडवी येते. पोटात आम्ल असेल तरच ते नीट शोषले जाते. बँड लावल्यानंतर त्यांना आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल दिले होते आणि ते महिनोन्‌महिने चालूच होते. सी चे औषध सुरू करण्याआधी ते बंद केले. गावातल्या दुकानातून ‘पित्ताची गोळी’ कोणत्याही चिठ्ठीविना मिळते, म्हणून समुपदेशकाने पत्नीला त्या गोळ्यांची रिकामी पाकिटे दाखवून ओळख करून दिली. टेनोफोव्हिरचे प्रमाण वेलपाटास्व्हिरमुळे वाढते, त्यामुळे क्रिएटिनिन दर महिन्याला पाहिले, ते १.२ च्या पुढे गेले नाही.

फेब्रुवारीत सुरू झालेले उपचार जुलै २०२३ च्या अखेरीस संपले. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे औषध थांबल्यावर १२ आठवड्यांनी, सी चा आरएनए सापडला नाही, आणि या वेळी बी सुद्धा मोजता न येण्याइतका कमी होता. सी बरा झाला असे म्हणण्यासाठी ही तपासणी पुरेशी असते. बी साठी तसे म्हणता येत नाही, कारण त्याचे जनुकीय द्रव्य यकृतपेशींच्या केंद्रकात कायम राहते आणि औषध थांबले की पुन्हा जागे होते.

घरातील तपासणी

पत्नीचा बी प्रतिजन नकारात्मक आला आणि संरक्षक प्रतिपिंडेही नव्हती. त्यांना लस दिली. मुलगा १९९९ चा, सुरतेला कामाला असतो. हिपॅटायटिस बी ची लस राष्ट्रीय लसीकरणात येण्यापूर्वीची ही पिढी आहे. तोही नकारात्मक निघाला आणि दिवाळीला गावी आल्यावर त्याने पहिला डोस घेतला. सी साठी लस नाही, आणि तो एकदा बरा झाला तरी पुन्हा होऊ शकतो, हे दाढीचे पाते आणि सुया यांच्या संदर्भात तिघांना एकत्र बसवून सांगितले.

वेगळे काय करता आले असते

क्रिएटिनिन वाढल्यावर औषध बदलण्याआधी आठ-दहा दिवस पाणी, सावली आणि वेदनाशामकांशिवाय विश्रांती देऊन चाचणी पुन्हा केली असती, तर बहुधा औषध बदलण्याचा प्रश्नच उरला नसता. हिपॅटायटिस बी ची नोंद पाहिल्याशिवाय टेनोफोव्हिर काढायचे नाही, हा नियम लिखित मार्गदर्शनात आधीपासून होता; आमच्या कामाच्या क्रमात तो नव्हता. आणि काढावेच लागले असते तरी पुढील तीन महिने दर महिन्याला एसजीपीटी पाहणे आवश्यक होते. ऑगस्टमध्ये एक जरी रक्ततपासणी झाली असती तरी कावीळ होण्याआधी उसळी दिसली असती असे मला वाटते.

कुटुंबाशी झालेल्या बोलण्याबद्दल मी अधिक अस्वस्थ आहे. बारा वर्षे आम्ही त्यांना गोळी चुकवू नका असे सांगितले आणि त्यांनी ती कधीही चुकवली नाही. त्या गोळीत यकृतासाठीचे औषधही आहे, हे मात्र एकदाही सांगितले नाही, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हते. पत्नीला ते माहीत असते, तर मे महिन्यात गोळी बदलल्यावर त्यांनीच प्रश्न विचारला असता. त्या तशा स्वभावाच्या आहेत. काविळीच्या वेळी त्या चुन्याच्या पाण्याकडे गेल्या याचा राग मला येत नाही. आमच्या दाराशी येण्याचे कारण आम्ही त्यांना दिलेच नव्हते. खासगी दवाखान्यात त्यांनी एचआयव्ही लपवला, तेही समजण्यासारखे आहे. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, पण गावात एकदा बातमी फुटली की कायद्याचे संरक्षण शेजाऱ्यांच्या नजरेपर्यंत पोहोचत नाही. अशा रुग्णाजवळ निदानाचा उल्लेख नसलेली, फक्त चालू औषधांची नावे आणि ‘यकृताची औषधे, बंद करू नयेत’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी असावी, असे आम्ही त्यानंतर ठरवले आणि ती देऊ लागलो. ती कितपत उपयोगी पडेल, हे पुढे दिसेल.

कार्डाच्या पहिल्या पानावर हिपॅटायटिस बी आणि सी चे निकाल लाल शाईने लिहिल्याशिवाय औषधाची खिडकी पुढची गोळी देत नाही, अशी व्यवस्था आता आहे. सुरुवातीला रांग लांबली आणि लोकांनी कुरकूर केली.

सद्यःस्थिती

गुणांकन आता ६ आहे, म्हणजे ‘ए’ वर्ग. पोटात पाणी नाही. टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर चालू आहेत आणि चालूच राहतील. सी गेला असला तरी आकसलेल्या यकृतात कर्करोगाचा धोका उरतोच, आणि बी मुळे तो आणखी असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा-फिटोप्रोटीनची तपासणी ठरलेली आहे. घड वाहण्याचे काम त्यांनी सोडले आहे. टोळीच्या मुकादमाने त्यांना काट्यावर वजनाची नोंद करायला बसवले आहे. गेल्या वेळी सोनोग्राफीला ते एकटे आले, उपचार कार्डाची हिरवी वही उघडून पहिले पान स्वतःच समोर धरले, आणि खोलीतल्या नव्या डॉक्टरांना लाल शाईच्या ओळीवर बोट ठेवून दाखवले.